मुलं आणि कुत्र्यासह झाडीतून तळ्याकाठी गोल फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडीत शिरायचं, तळ्याला वळसा घालायचा आणि निघालो तिथेच परत यायचं. सांगायला एवढंच आहे. पण सोबत पाच वर्षांचं मूल आणि पट्टा ओढणारा कुत्रा असला की घरातून निघण्याआधीच शंका सुरू होतात. त्यातल्या नेहमीच्या शंका इथे एकत्र केल्या आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर पहिला प्रश्न आणि पाण्याविषयीचे प्रश्न तेवढे वाचा.

त्याच वाटेने जाऊन परत येणं सोपं नाही का? गोल फेरीचा हट्ट कशाला?

सोपं आहेच. सरळ वाटेवर कधीही मागे फिरता येतं, आणि जेवढं गेलात तेवढंच परत यावं लागतं. गोल वाटेचा हिशेब वेगळा. अर्ध्यावर पोचल्यावर पुढे जा की मागे या, अंतर सारखंच पडतं. अर्ध्याच्या पुढे तर मागे फिरण्यात काही अर्थच उरत नाही. म्हणून "दमलं बाळ, चला परत" हा निर्णय अर्ध्या वाटेवर घेऊन उपयोग नाही. तो पहिल्या एक-तृतीयांश वाटेतच घ्यावा लागतो. तिथे सगळे ताजेतवाने असतात आणि परत फिरायचं कोणाच्याच मनात नसतं, हीच खरी गोची.

निघण्याआधी नकाशावर हे एक-तृतीयांश वाटेचं ठिकाण शोधून ठेवा. एखादा पूल, एखादा फाटा, काहीही चालेल. तिथे पोचल्यावर दोन मिनिटं थांबून प्रत्येकाकडे नीट बघा: मूल स्वतःहून पळतंय की हाताला लोंबकळतंय? कुत्रा पुढे आहे की तुमच्या टाचेशी आलाय? उत्तर नको तसं आलं तर तिथूनच मागे फिरा. वाट अर्धवट सोडल्याने काही बिघडत नाही.

तळ्याभोवतीच्या फेरीत आणखी एक फसवाफसवी असते. सहा किलोमीटरचा अगदी गोल वळसा धरला तर त्याचा व्यास दोन किलोमीटरपेक्षा थोडा कमी भरतो. म्हणजे सगळ्यात लांबच्या टोकाला उभे असतानाही गाडी दोन किलोमीटरच्या आत असते, कधीकधी तर समोरच्या काठावर चक्क दिसते. मधे पाणी असतं, एवढंच. मुलांना ते पटत नाही. "ती बघ आपली गाडी" असं लांबच्या टोकावर चुकूनही म्हणू नका. उरलेले तीन किलोमीटर "मग आपण तिकडे का नाही जात?" ऐकत काढावे लागतील.

एवढं असूनही मी गोल वाटच निवडेन. कुत्र्याला शेवटपर्यंत नवे वास मिळतात, आणि "पुन्हा तेच झाड?" ही मुलांची तक्रार येत नाही.

किती लांबीची फेरी घ्यावी?

तुमच्यातल्या सगळ्यात कमी चालू शकणाऱ्याला झेपेल एवढीच. तो कोण हे मात्र प्रामाणिकपणे ठरवा. बहुतेक घरांत सगळे लहान मुलाकडे बोट दाखवतात, आणि खरा कच्चा दुवा असतो दहा वर्षांचा कुत्रा किंवा गुडघे धरलेले आजोबा.

ढोबळ अंदाज असा: तीन-चार वर्षांच्या मुलाला स्वतःच्या पायाने दोन-तीन किलोमीटर पुरेसे होतात, सहा-सात वर्षांचं मूल चार-पाच किलोमीटर आनंदाने चालतं, आणि त्यापुढे वयापेक्षा सवय मोठी. पहिल्यांदाच जात असाल तर मनात येईल त्यापेक्षा एक किलोमीटर कमीच घ्या.

वेळ किती धरावा?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो अजूनही वापरात आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट, न थांबता चालणाऱ्या मोठ्या माणसाचा आहे. सहा किलोमीटरच्या सपाट फेरीला त्यात सव्वा तासही लागत नाही. मुलं आणि कुत्रा बरोबर असताना तो आकडा दुप्पट करा, आणि वर तळ्याकाठी दगड फेकण्याचा वेळ वेगळा धरा. हा शेवटचा वेळ कोणत्याच हिशेबात बसत नाही. तीन तास हाताशी ठेवलेत तर धावाधाव होणार नाही.

गोल फेरीत जेवढा चढ तेवढाच उतार, कारण सुरुवात आणि शेवट एकाच उंचीवर असतात. म्हणून "पुढे सगळा उतारच आहे" असं कोणी सांगितलं तर त्याआधी चढ किती हे विचारून घ्या.

आधी झाडी की आधी तळं? फेरी कोणत्या दिशेने घ्यावी?

यावर घराघरांत वाद होतात. मुलांना पुढे नेण्यासाठी तळं हे सगळ्यात मोठं आमिष आहे. त्यामुळे ते दुसऱ्या अर्ध्यात यावं असं कोणालाही वाटेल. त्यात भिजलेला कुत्रा आणि चिखलाने माखलेली मुलं फार वेळ तशीच चालत नाहीत, हाही फायदा. हवा थंड असेल तर हाच क्रम घ्या.

ऊन असेल तर मात्र उलट. सकाळी लवकर निघून तळ्याचा उघडा काठ आधी उरकायचा आणि ऊन चढेपर्यंत झाडीत शिरायचं. उन्हापुढे आमिष मागे पडतं, यात तडजोड नको. आणि धरण किंवा बांध असलेला तलाव असेल तर बांधावरचा पट्टा लक्षात ठेवा. तिथे पायाखाली पक्कं असतं, पण सावली नावालाही नसते आणि वारा थेट अंगावर येतो.

तळं उजव्या हाताला ठेवलं की तुम्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाताय, डाव्या हाताला ठेवलं की उलट. काठावरून चालताना वाट ओळखायची ही सर्वांत सोपी खूण आहे, आणि ती सहा वर्षांच्या मुलावर सोपवता येते. "पाणी कुठल्या हाताला आहे?" हे अधूनमधून विचारत राहायचं.

नकाशात वाट काठाला लागून दिसते. मग चिखल कुठे लागेल?

जिथून पाणी तळ्यात येतं तिथे. तळ्याला येऊन मिळणारे ओढे अनेक असतात, बाहेर पडणारा प्रवाह सहसा एकच. ओढा तळ्याशी येऊन मंदावतो, सोबतचा गाळ तिथेच टाकतो, त्यामुळे त्या टोकाला दलदल, लव्हाळी आणि पाय आत जाणारी जमीन असते. वाटही बऱ्याचदा तिथे काठ सोडून आत वळते, एखादा लहान पूल ओलांडते आणि पुन्हा पाण्याशी येते. लोक चुकतात ते नेमके याच जागी: काठ सोडायचा नाही म्हणून सरळ जातात आणि घोट्यापर्यंत रुततात.

तलावाची पातळी खाली गेली की काठाचा जो पट्टा उघडा पडतो तोही असाच फसवा. वरून वाळून भेगा पडलेला दिसतो, खाली लिबलिबीत असतो. मुलांना त्यावर धावू देऊ नका.

बाबागाडी चालेल का?

वाटेवर झाडांची मुळं, पायऱ्या किंवा अरुंद फाटक असेल तर नाही. मोठ्या चाकांची, हवा भरलेल्या टायरची गाडी मुरमाच्या वाटेवर चालते, पण मुळांवर तीही उचलावीच लागते. पाठीवरची झोळी बरी पडते. झोळीतलं बाळ हालचाल करत नाही, हे तेवढं ध्यानात असू द्या. तुम्ही घामाघूम झालेले असताना ते गारठलेलं असू शकतं. मानेच्या मागे हात लावून बघत राहा.

पिल्लाला नेलं तर चालेल? आणि म्हाताऱ्या कुत्र्याला?

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला अशा जागी जमिनीवर सोडू नका. "वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं" हा नियम सगळीकडे सांगितला जातो. त्यामागे भक्कम पुरावा नाही, पण लहान पिल्लाला लांब चालवू नये हे त्यातलं म्हणणं बरोबर आहे. वाढत्या हाडांची टोकं पक्की व्हायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं, मोठ्या जातींना जास्त. पिल्लू आपल्या मर्जीने खेळतं, मर्जीने बसतं, तोवर ठीक. पट्ट्याला बांधून त्याला तुमच्या चालीने चालवणं वेगळं.

म्हाताऱ्या कुत्र्याबाबत खरी काळजी पुढच्या गोष्टीची. मूल दमलं की बोंब ठोकतं. कुत्रा सांगत नाही. तो तुमच्या मागे येत राहतो, दुखत असलं तरी येतो, आणि एकदम बसतो तेव्हा तुम्ही वाटेच्या पार त्या टोकाला असता. त्याचं चालणं बघा: मागचे पाय घासतायत का, उडी मारण्याऐवजी वळसा घालतोय का, जीभ रुंद होऊन बाहेर लोंबतेय का. आणि एक प्रश्न आधीच विचारा: हा कुत्रा दोन किलोमीटर उचलून नेणं आपल्याला जमेल का? तीस किलोच्या लॅब्रॅडॉरबाबत उत्तर बहुधा "नाही" असेल. मग फेरी लहान घ्या.

कुत्र्याला मोकळं सोडता येईल का?

जिथे पाटीवर मनाई आहे तिथे प्रश्नच नाही. जिथे नाही तिथेही तळ्याचा काठ आणि दाट झाडी या दोन्ही जागी मी पट्टाच ठेवेन. बरेच पाणपक्षी जमिनीवर किंवा लव्हाळ्यात घरटी करतात. टिटवीसारख्या पक्ष्याची अंडी तर उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची असतात. कुत्र्याने अंड्याला तोंडही लावायची गरज नाही. तो नुसता हुंगत जवळ गेला की पक्षी उडतो, आणि तो बाहेर राहील तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात किंवा गारठतात. एखादा पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागला तर समजा की घरटं जवळ आहे. तिथून हळूच, आल्या वाटेने मागे या.

पाच ते दहा मीटरची लांब दोरी हा मधला मार्ग. त्याला हुंगायला जागा मिळते, तुमच्या हातात दोर राहतो. ती गळपट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधा, नाहीतर धाव घेतल्यावर मानेला हिसका बसतो. मुलांच्या पायात ती गुंतणार नाही याकडे लक्ष ठेवा. अरुंद वाटेवर ती गोळा करून हातात घ्यावी हे बरं.

पण आमचा कुत्रा कोणाला काही करत नाही!

समोरून येणाऱ्याला ते माहीत नसतं. कुत्र्याला घाबरणारं मूल, आजारी कुत्रा, नुकतंच ऑपरेशन झालेला कुत्रा, यातलं काहीही समोर असू शकतं. पट्टा आखूड करा, वाटेच्या कडेला व्हा, त्यांना जाऊ द्या.

वाटेत गुरं चरत असतील तर?

वासरं सोबत असतील तर लांबून वळसा घाला, कळपाच्या मधून जाऊ नका. गाय तुमच्यावर चिडत नाही, तिला कुत्र्यात वासराचा वैरी दिसतो. पट्टा आखूड, चाल शांत, पळापळ नाही. पण गुरं खरंच अंगावर धावून आली तर पट्टा सोडून द्या. कुत्रा त्यांच्यापेक्षा वेगाने पळतो. त्याला छातीशी धरून उभ्या राहिलेल्या माणसाला पळता येत नाही, आणि गुरांचा रोख कुत्र्याबरोबर माणसावरही येतो.

कुत्रा तळ्याचं पाणी प्यायला तर काय होईल?

बहुतेक वेळा काहीच नाही. पण ज्या वेळी होतं त्या वेळी फार लवकर होतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

उष्ण, निवांत, वारा नसलेले काही दिवस गेले की साचलेल्या पाण्यात नील-हरित शैवाल माजतं. नावात शैवाल असलं तरी ते जिवाणू असतात. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसतो, कधी निळसर, कधी तपकिरी, कडेला फेस आणि कुजकट वास. वारा सुटला की हा थर वाहत जाऊन एका काठाला गोळा होतो. म्हणून तळ्याचा एक काठ स्वच्छ आणि समोरचा घट्ट हिरवा, असंही होतं. कुत्रा नेमका काठाशीच पाणी पितो, आणि पोहून आल्यावर अंगावरचा थर चाटतो.

यातली काही विषं यकृतावर जातात, काही मज्जासंस्थेवर. लाळ गळणं, उलट्या, लडखडणं, झटके, श्वास अडकणं ही लक्षणं काही मिनिटांत ते काही तासांत दिसू शकतात. यावर उतारा असं औषध नाही. संशय आला तर लक्षणांची वाट बघत बसू नका: स्वच्छ पाण्याने अंग धुवा, चाटू देऊ नका, थेट पशुवैद्य गाठा. हे पाणी उकळूनही विष जात नाही, त्यामुळे माणसांसाठीही तो उपाय नाही.

काडीने एक ढोबळ परीक्षा करता येते. हिरवं काडीला लांब तंतूंसारखं लोंबत वर आलं तर ते बहुधा साधं शेवाळ. काडीला नुसता रंग फासल्यासारखं झालं तर त्या पाण्यापासून लांब राहा. पहिलं उत्तर आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन्ही एकत्रही असतात.

दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर आणि इतर जनावरांच्या मूत्रातून या आजाराचे जिवाणू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतात, आणि हा आजार माणसालाही होतो. कुत्र्यासाठी लस आहे, ती दरवर्षी द्यावी लागते. मुलांच्या पायाला जखम असेल तर डबक्यात उतरू देऊ नका.

सगळ्यावर सोपा तोडगा म्हणजे घरचं पाणी आणि घडीचं भांडं. तहान लागण्याआधीच दिलंत तर कुत्रा तळ्याकडे ओढ घेत नाही.

मग त्याला पोहू द्यायचंच नाही का?

पाणी स्वच्छ, मनाई नाही, काठ उथळ आणि चढून यायला सोपा असेल तर द्या. पोहताना वारंवार काठी फेकून आणायला लावू नका. दर वेळी तोंड उघडून येताना कुत्रा पाणी गिळतो, आणि फार पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. हे क्वचित होतं, पण जिवावर बेतू शकतं. थोडा वेळ पोहला की बाहेर, विश्रांती, मग पुन्हा.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मानेवर थेंब टाकून लावायच्या गोचीड-पिसवांच्या बऱ्याच औषधांत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. पाण्यातल्या किड्यांना ही दोन्ही द्रव्यं अगदी थोड्या प्रमाणातही मारक आहेत, आणि त्या किड्यांवर तळ्यातले मासे, बेडूक, पक्षी जगतात. औषध लावल्यानंतर किती दिवस पाण्यात सोडू नये हे वेष्टनावर लिहिलेलं असतं. ते किमान समजा, त्याहून जास्त थांबलात तर चांगलं. कुत्रा नेहमी पोहणारा असेल तर पोटातून द्यायच्या औषधाविषयी पशुवैद्याशी बोला.

कुत्रा खोल पाण्यात अडकला तर उडी मारू का?

नाही. कुत्रा बहुधा स्वतः बाहेर येतो, आणि त्याच्यामागे उतरलेला माणूस बुडतो. पाणी पंधरा अंश सेल्सियसपेक्षा थंड असेल तर पहिल्या मिनिटभरात श्वासावरचा ताबाच जातो, पोहता येणाऱ्याचाही. काठ उथळ असेल अशा ठिकाणी चालत जा आणि तिथून हाक मारा, तो तुमच्या आवाजाकडे वळतो. स्वतः पडलात तर हातपाय मारू नका, उताणे तरंगा, श्वास जागेवर येऊ द्या, मग काठाकडे निघा.

मुलांचं वेगळं सांगायला हवं. बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना हाक मारायला श्वासच उरत नाही. पाच-सहा वर्षांपर्यंतचं मूल काठाशी असेल तर ते हाताच्या अंतरावर हवं, "माझं लक्ष आहे" एवढं पुरत नाही. बरोबर मोठी माणसं जास्त असतील तर कोणाचं लक्ष कोणत्या मुलावर हे नाव घेऊन ठरवा. सगळ्यांचं लक्ष आहे असं प्रत्येकाला वाटतं तेव्हा कोणाचंच नसतं.

उन्हात कुत्र्याला त्रास होतोय हे कसं ओळखायचं?

कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंज्यांना. अंग निवतं ते धापा टाकून, म्हणजे जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी उडून. हवा दमट असेल तर हे नीट होत नाही, आणि तळ्याकाठची हवा दमटच असते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तर साध्या दिवशीही जपावं लागतं.

धापा थांबत नाहीत, हिरड्या गडद लाल, घट्ट लाळ, चाल लडखडती: एवढं दिसलं की फेरी संपली असं समजा. शरीराचं तापमान नेहमी साधारण ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, ४१ च्या वर गेलं की अवयवांना इजा होऊ लागते. आधी गार करा, मग न्या. सावलीत घेऊन मिळेल त्या पाण्याने पूर्ण भिजवा आणि वारा घाला. त्याच्या अंगापेक्षा गार असलेलं कुठलंही पाणी चालेल. गार पाणी घातलं तर झटका बसतो ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. ओला टॉवेल पांघरून मात्र ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

झाडीतली जमीन थंड असते म्हणून लोक गाफील राहतात. गोल फेरीत सगळ्यात तापलेली जागा असते ती सुरुवातीची आणि शेवटची, म्हणजे गाड्या लावायचं डांबरी मैदान. सकाळी निघताना ते गार असतं, दुपारी परत येताना तळपतं. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर पंज्यांनाही सोसवणार नाही.

बॅगेत काय असावं?

पाणी, नेहमीपेक्षा जास्त. मुलांचे कोरडे मोजे, एक जादा जोड. कुत्र्याचं भांडं, विष्ठेच्या पिशव्या, जुना टॉवेल. चिमटा, पट्टी, निर्जंतुक करायचं औषध. चार्ज केलेला मोबाइल आणि आधीच उतरवून ठेवलेला नकाशा. नेटवर्क नसतानाही जीपीएस चालतं, पण नकाशाच नसेल तर कोऱ्या पडद्यावर एक ठिपका दिसतो. खाऊ घेताना लक्षात ठेवा की चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी वापरतात ते द्रव्य) घातलेलं काहीही कुत्र्याला विषारी आहे. मुलांच्या हातातून सगळ्यात आधी पडतं ते नेमकं यातलंच.

जंगलात कुत्र्याची विष्ठा उचलायची काय गरज? बाकीचे प्राणीही तिथेच करतात.

ते प्राणी तिथलंच खातात. तुमचा कुत्रा घरचं भरपेट खाऊन येतो आणि त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस तिथे टाकतो. पाऊस पडला की ते तळ्यात जातं, आणि वर सांगितलेलं हिरवं शैवाल त्यावरच पोसतं. शिवाय विष्ठेतल्या गोल जंतांची अंडी मातीत काही वर्षंही टिकतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांना बाधतात.

पिशवीत भरून झाडाला लटकवणं हे न उचलण्यापेक्षा वाईट. "येताना घेऊ" म्हणून लोक ती वाटेच्या कडेला ठेवतात, आणि गोल फेरीत येताना ती वाट लागतच नाही!

मुलं अर्ध्यात कंटाळतात. काय करावं?

अंतर सांगू नका, पुढची जागा सांगा. "अजून दोन किलोमीटर" यातून मुलाला काहीच कळत नाही, "त्या पडलेल्या झाडापर्यंत" हे लगेच कळतं. नकाशा त्यांच्या हातात द्या. पुढे कोण चालणार याची पाळी लावा. पट्टा धरायला द्यायचा तर तुमच्याही हातात दुसरा पट्टा हवा, कारण खार दिसली की वीस किलोचा कुत्रा वीस किलोच्या मुलाला सहज पाडतो.

आणि घाई करू नका. मुंग्यांच्या रांगेशी पंधरा मिनिटं गेली तर जाऊ द्या.

झाडीत वाट चुकलो तर?

थांबा. २००९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात सरळ चालायला सांगून जीपीएसने त्यांचा माग काढला. सूर्य दिसत होता तेव्हा लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी ते गोल फिरले, स्वतःचीच वाट ओलांडली, आणि त्यांना ते कळलंही नाही. ही गोल फेरी कोणालाच नको असते. म्हणून "अंदाजाने पुढे" जाण्याऐवजी शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. तेही जमत नसेल तर सगळे एकत्र एका जागी थांबा आणि मदत मागवा. वाट शोधायला एकट्याला पुढे पाठवू नका.

ढग गडगडायला लागले तर?

वीज चमकणं आणि गडगडणं यात तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पाण्यापासून, उघड्या बांधावरून आणि एकट्या उंच झाडाखालून लगेच निघा. पक्कं घर किंवा धातूच्या छताची बंद गाडी सर्वांत सुरक्षित. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच बाहेर पडा.

साप चावला तर?

माणूस असो की कुत्रा, हालचाल कमीत कमी. कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नाही. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. सापाला मारायला किंवा पकडायला जाऊ नका.

घरी आल्यावर काय बघायचं?

गोचीड. ती गवताच्या शेंड्यावर पाय पसरून बसते आणि अंग घासून गेलं की चिकटते. कुत्र्याचे कान आतून-बाहेरून, गळपट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, बगलेत, शेपटीच्या मुळाशी हात फिरवा. डोळ्यांपेक्षा बोटांना ती आधी सापडते, तिळाएवढी गाठ लागते. मुलांच्या केसांच्या कडेला, कानामागे, गुडघ्याच्या मागे आणि कमरेच्या इलॅस्टिकखाली बघा. टोकदार चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ, एकसारखी ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी काही नको. त्याने ती सुटण्याआधी पोटातलं जखमेत ओकण्याची भीती असते. पुढच्या काही आठवड्यांत माणसाला ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा, कुत्र्याला मरगळ, फिकट हिरड्या किंवा गडद लघवी दिसली तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

पोहून आल्यावर दुसऱ्या दिवशी कुत्र्याची शेपूट लुळी पडली आहे. मोडली का?

बहुधा नाही. थंड पाण्यात किंवा सवय नसताना खूप पोहल्यावर शेपटीच्या मुळाचे स्नायू दुखावतात आणि शेपूट दोरीसारखी लोंबते. लॅब्रॅडॉरसारख्या कामकरी जातींत हे नेहमी दिसतं आणि विश्रांतीने काही दिवसांत ठीक होतं. मार लागलेला असेल, लघवी-विष्ठेला अडचण असेल किंवा हात लावू देत नसेल तर पशुवैद्याला दाखवा. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी मनाने देऊ नका, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्यांना घातक ठरू शकतात.